मुंबईचा नाटकधंदा कुणी उभा केला: भावे मंडळींनी की ग्रँट रोडच्या थिएटराने?

धागा
१८४३ला सांगलीत विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' झालं म्हणून धंदेवाईक नाटकाची सुरुवात तिथून मोजतात. मला पटत नाही. तो खेळ दरबारी पैशावर झाला. धंदा मुंबईत आला तो इमारतीमुळे. बॉम्बे ग्रीन या मैदानावरचं इंग्रजांचं थिएटर १८३५त कर्जापायी विकलं गेलं. मग जगन्नाथ शंकरशेटांनी ग्रँट रोडला जागा दिली आणि १८४६त नवं थिएटर उघडलं. पण ते कोटाबाहेर, म्हणजे तटबंदीतल्या शहराबाहेर. रात्री गाडी जुंपून तिथवर जायला साहेबलोक राजी नव्हते. मग थिएटर चालवायचं तर देशी मंडळींना भाड्याने देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १८५३त भावे आणि पारशी नाटक मंडळी, दोघांचे खेळ तिथेच झाले.

प्रतिसाद १
असहमत. थिएटर १८४६चं, भावे आले १८५३त. मधली सात वर्षं तुमची इमारत काय करत होती? भाव्यांचे आश्रयदाते, सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन १८५१त वारले, आधार गेला, मंडळी पोसायची म्हणून तिकीट आलं. शिवाय सामान किती? सूत्रधार गाणार, पात्रं आयत्या वेळी बोलणार, मागे एक पडदा. असा खेळ वाड्याच्या चौकातही लागतो. बाजार ओळखून १८५३तच मुंबईत हिंदुस्थानी 'गोपीचंद'ही केला.

प्रतिसाद २
तिकीट लावलं की धंदा झाला? धंदा म्हणजे आधी भांडवल घालायचं, मग वसूल करायचं. ते १८६८च्या पारशी व्हिक्टोरिया नाटक मंडळीपासून. महाल, जंगल, रस्ता असे पडदे एकदा रंगवून घेतले की दहा नाटकांत चालतात. पुढच्या पडद्यासमोर विनोदी प्रवेश लावायचा, तोवर मागे दरबार मांडायचा. हा प्रवेश आखूड पडला की मागची ठोकाठोक पिटातल्या प्रेक्षकांपर्यंत ऐकू येणार, म्हणून नाटककाराला विनोद पानं मोजून लिहावा लागे! (त्या विनोदाचा कथानकाशी संबंध का नसतो, हे वेगळं सांगायला नको.) ही सोय वाड्यात कुठली?

धागाकर्ता
म्हणजे शेवटी भिंतीच लागल्या ना? व्हिक्टोरियावाल्यांनी १८७०त स्वतःचं थिएटर बांधलं तेही ग्रँट रोडलाच. प्रेक्षकाला तिथली वाट आधीच माहीत झाली होती.

प्रतिसाद १
वाट मान्य. पण हीच व्हिक्टोरिया पुढे नट-मालक खुरशेदजी बालीवालांच्या हाताखाली रंगूनपर्यंत दौरे करत गेली. एका थिएटरावर भागत असतं तर पडद्यांच्या गुंडाळ्या बोटीत कशाला चढवल्या असत्या?