अँड्रॉइडची अ‍ॅप व्हर्च्युअल मशीनमध्ये कशाला चालवतात?

दापोलीकर: डिप्लोमाला आहे, जावा शिकतोय. सर म्हणाले व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे अ‍ॅप आणि प्रोसेसरच्या मधला सॉफ्टवेअरचा थर) सिक्युरिटीसाठी असतं. मग थेट प्रोसेसरवर चालवलं तर फोन लगेच हॅक होतो का? उगाच मध्ये एक थर टाकून फोन स्लो कशाला करायचा?

खाडीपलीकडचा: सरांचं अर्धंच बरोबर आहे. अ‍ॅप एकमेकांपासून वेगळी ठेवायचं काम मुख्यतः लिनक्स कर्नल, म्हणजे अँड्रॉइडचा गाभा, करतो, प्रत्येक अ‍ॅपला वेगळा युझर आयडी, म्हणून एकाची खासगी फाईल दुसऱ्याला उघडता येत नाही. गेमवाले सी++ मध्ये नेटिव्ह, म्हणजे थेट प्रोसेसरवर चालणारा कोड लिहितात तोसुद्धा त्याच कुंपणात असतो. व्हीएमचा खरा फायदा म्हणजे बाजारात एआरएम प्रोसेसरचे फोनपण आले आणि इंटेलचेपण, डेव्हलपरने एकच डेक्स बायटकोड (कुठल्या एका चिपला न बांधलेला मधला कोड) द्यायचा, पुढचं फोन बघेल.

मालवणी_बाणा: मग आयफोनात काय असता रे?

खाडीपलीकडचा: तिथं व्हीएम नाही, नेटिव्ह कोड आणि तरी सँडबॉक्स, म्हणजे तसलंच कुंपण, आहेच. चिप ठरवणारी कंपनी एकच, मग परवडतं.

देवगड_हापूस: आणि स्लोचं म्हणाल तर ते जुनं झालं. डाल्विक हे अँड्रॉइडचं जुनं व्हीएम गेलं, २०१४ला अँड्रॉइड ५.० पासून त्याच्या जागी एआरटी आलं, ते इन्स्टॉल करतानाच मशीन कोड (प्रोसेसरला थेट कळणारा कोड) बनवायचं. म्हणून तेव्हा अपडेट मारला की 'ऑप्टिमायझिंग अ‍ॅप' चा आकडा सरकत बसायचा, तोवर चहा व्हायचा. ७.० पासून जेवढा कोड जास्त वापरता तेवढाच, तोही फोन चार्जिंगला पडून असताना कंपाईल होतो.

दापोलीकर: म्हणजे आमच्याकडे रात्री लाईट गेली की तेही राहिलं 😀