मदत हवी आहे (२०२१ सालची विचारणा) : कोविड लसीकरणाच्या सूचनेचा मराठी मसुदा

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीकडच्या गावांसाठी विचारतोय. लसीकरणाची सूचना कन्नडमध्ये लागते, म्हाताऱ्यांना वाचता येत नाही. व्हॉट्सॲप म्हणाल तर रेंजच नाही. कोविशील्डची कुपी दहा डोसांची, फोडली की चार तासांत संपवायची, म्हणून दहा माणसं जमल्याशिवाय नर्सबाई ती फोडत नाहीत. त्यात पहिल्या डोसाला ८४ दिवस व्हायच्या आत दुसऱ्यासाठी आलेला नोंदणीच्या कोविन पोर्टलवर अडतो आणि उरतात नऊ! देवळाच्या कर्ण्यावरून सांगितलेल्या तारखा पावसात विरतात, स्केचपेनचा कागद पहिल्याच सरीत ओघळतो. देवळाच्या पडवीत फळा ठेवून खडूने गल्लीवार नावं आणि प्रत्येकाची दुसऱ्या डोसाची तारीख लिहिणंच बरं. असा मसुदा कुणाकडे तयार आहे का? आधार, मोबाईल आणि पहिल्या डोसाचा कागद आणायचं चार ओळींत बसलं पाहिजे.