मदत हवी आहे: बहिणीला स्पीच-हिअरिंगला घालायचंय, म्हैसूर की पुणे?

खानापूरचा बाळू
बहिणीला स्पीच-हिअरिंगचं करायचंय. म्हैसूर बरं की पुणे? फी, हॉस्टेल आणि पुढं नोकरी, एवढंच सांगा. प्रवेशाला कोण म्हणतंय नीट परीक्षा लागते, कोण म्हणतंय लागत नाही. फॉर्मची तारीख जवळ आलीय, बाकी गप्पा नकोत.

टिळकवाडी एक्सप्रेस
स्पीच-हिअरिंगचं म्हणजे काय ते तरी सांग. बीएएसएलपी ही डिग्री, डीएचएलएस हा श्रवण-वाचेचा डिप्लोमा की स्पेशल बी.एड.? बारावीला काय होतं? डोमिसाइल कर्नाटकचं?

खानापूरचा बाळू
तेच हो, मुक्या-बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवतात ते. खानापूर म्हटल्यावर डोमिसाइल कुठलं असणार?

मनाली ऑडिओ
आधी 'मुक्या-बहिऱ्या' सोड, कर्णबधिर म्हण. कोर्सला बसल्यावर पहिल्याच आठवड्यात झापतील.

हे दोन वेगळे धंदे आहेत. बीएएसएलपी म्हणजे ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट. चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिप. त्याला बारावी सायन्सच लागतं. महाराष्ट्रात राज्याच्या प्रवेशप्रक्रियेतून जायचं तर नीट, म्हैसूरच्या आयिशची, म्हणजे तिथल्या वाक्-श्रवण संस्थेची, प्रवेश परीक्षा वेगळी. म्हणजे दोघंही खरं सांगतायत.

दुसरा धंदा विशेष शिक्षकाचा, बी.एड. स्पेशल एज्युकेशन, त्यात श्रवणदोष हा विभाग. दोन्हीला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी हवी. पोरीला यातलं नक्की काय करायचंय?

कुंदा आणि कॉफी
आमच्या आजोबांना शहापूरच्या दुकानातून कानाचं मशीन घेतलं. शिट्टी वाजते म्हणून ड्रॉवरमध्ये पडलंय. कुठल्या कंपनीचं चांगलं?

मनाली ऑडिओ
@कुंदा, बहुतेक वेळा मोल्ड, म्हणजे कानात बसतो तो साचा, सैल असला की शिट्टी वाजते. कानाचं माप देऊन नवा मोल्ड करून घ्या, कंपनी नंतर बघू. आणि वेगळा धागा काढा.

रेल्वेप्रेमी
म्हैसूरला जायचं तर राणी चन्नम्मानं बेंगळूर आणि तिथून पुढं. स्लीपर आधी बुक करा, सणाला वेटिंग हटत नाही.

निवृत्त मास्तर, निपाणी
म्हैसूरला काही कमी नाही. आयिश 1965 सालची, केंद्र सरकारची, मानसगंगोत्रीत. शंका आहे ती भाषेची. आपली पोरगी मराठी शाळेतून आलेली, तिथं पाठ घ्यायचे कन्नड मुलांचे. लहान मुलाशी कन्नडमधून खेळता आलं नाही तर पाठ कसला होणार? मी असतो तर मुंबई-पुणेच बघितलं असतं. मुंबईला बांद्र्यात अली यावर जंग संस्था आहे, तिथं हे दोन्ही कोर्स चालतात.

हुक्केरी हुडुग
मास्तर, कर्नाटकात राहून कन्नड नको? नोकरी इथंच करणार ना? तालुक्याला विशेष शिक्षकाची बीआयईआरटी म्हणून जागा असते, तिथं गावोगाव फिरून पालकांशी कन्नडमध्येच बोलावं लागतं. म्हैसूरला गेली तर फुकटात कन्नड पक्कं होईल.

निवृत्त मास्तर, निपाणी
मी कन्नड नको कुठं म्हटलं? 1956 पासून शिकतोयच की आम्ही.

टिळकवाडी एक्सप्रेस
झालं सुरू. सीमावादाचा महाजन अहवाल काढायच्या आत कुणीतरी धागा आवरा.

आई_ऑफ_इरा
भाषेचं म्हणाल तर आमचा अनुभव सांगते. मुलगी सहा वर्षांची, कानाला मशीन. एका सेंटरवर थेरपिस्ट कन्नड बोलणारी, पोरगी छान होती, जीव लावून करायची. चित्र दाखवून शब्द विचारायची आणि चमच्यातला, चाकातला 'च' दर वेळी चूक म्हणून खूण करायची. कन्नडमध्ये तो 'च' नाहीच! चार-चिमणीचा तेवढा आहे. आम्ही घरी बिचारीला चुकीचं सुधारायला लावत होतो. शेवटी सासूबाईंच्या लक्षात आलं. म्हणून मराठी येणारी पोरगी या धंद्यात यायलाच हवी, कुठं का शिकेना.

हात बोलतात
सगळे बोलण्याच्याच मागे का? माझे आईवडील दोघंही कर्णबधिर. आम्ही घरात खुणांनीच बोलतो आणि काही अडलेलं नाही. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत 2015 पासून स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे. मुलाला आधी भाषा द्या. तोंडानं की हातानं, हा वाद मोठ्यांचा.

मनाली ऑडिओ
भाषा आधी, हे शंभर टक्के मान्य. पण ऐकू येणाऱ्या आईबापांच्या घरात खुणा कोणालाच येत नसतात, आणि पहिल्या तीन वर्षांत मेंदू भाषा पकडतो तसा पुढं पकडत नाही. लवकर मशीन किंवा इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवतात ते यंत्र) झालं आणि रोज कानावर काम झालं तर बरीच मुलं बोलतात.

हात बोलतात
आणि जी बोलत नाहीत ती? दहा वर्षांची होतात तेव्हा त्यांच्याजवळ बोलणंही नसतं आणि खुणाही नसतात. अशी मुलं मी बघितलीत.

मनाली ऑडिओ
मीही. म्हणून आता पालकांना दोन्ही सुरू करा म्हणते. पूर्वी म्हणत नव्हते.

खानापूरचा बाळू
अहो माझं कोण सांगायलंय का? ताईचं बी.ए. झालंय, इतिहास घेऊन. बारावी आर्ट्स. मोठ्या बहिणीच्या पोराला इम्प्लांट केलंय, अजून बोलत नाही. ताई शिकून घरीच त्याला शिकवेल, असं ठरलंय.

टिळकवाडी एक्सप्रेस
हे पहिल्या ओळीत लिहायला काय झालं होतं रे?

मनाली ऑडिओ
मग बीएएसएलपी विसर, आर्ट्सवर होत नाही. डीएचएलएसही सायन्सवाल्यांचाच. बी.ए. वर स्पेशल बी.एड. (श्रवणदोष) दोन वर्षांचं करता येतं. ते आयिशमध्येही आहे. महाराष्ट्रात त्याला बी.एड. सीईटी. सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत सीमाभागातल्या 865 गावांच्या मुलांसाठी वेगळी वर्गवारी असते. तुमचं गाव त्यात आहे का आणि या कोर्सला ती लागू आहे का, दोन्ही वाचून घे. कुठल्याही कॉलेजचे पैसे भरण्याआधी त्याला या वर्षाची आरसीआयची मान्यता आहे का ते आरसीआयच्या साइटवर बघ, कॉलेजच्या बोर्डावर नको.

पण पोरासाठी दोन वर्षं थांबू नका. मॅपिंग, म्हणजे इम्प्लांटचं सेटिंग, वेळेवर होतंय का? थेरपी चालू आहे? रोज सकाळी एवढं करा: तोंडापुढं कागद धरा म्हणजे ओठ दिसणार नाहीत, आणि एकेक आवाज काढा: आ, ई, ऊ, म, स, श. ऐकू आला की पोरानं डब्यात मणी टाकायचा. स, श ला मणी पडेना झाला तर मशीन दाखवून आणा. हेच विशेष शिक्षक वर्गात रोज सकाळी करतात. थेरपी बंद असेल तर जिल्हा रुग्णालयात मुलांच्या लवकर हस्तक्षेपाच्या केंद्राची, डीईआयसीची, चौकशी करा.

खानापूरचा बाळू
मॅपिंग दिवाळीच्या आधी झालं होतं. कागदाचं आजच करतो. बाबा विचारतात, बी.एड. झाल्यावर खानापुरात स्पीच थेरपीचं क्लिनिक काढता येईल का?

मनाली ऑडिओ
नाही. शिकवता येईल, शाळेत नोकरी करता येईल. तपासणी करणं आणि थेरपिस्ट म्हणून बोर्ड लावणं बीएएसएलपीवाल्याचं काम. आणि मॅपिंगची तारीख घ्या आधी, बोर्डाचं नंतर.

हुक्केरी हुडुग
बाबांना सांग, बोर्ड कन्नडमध्येही लावावा लागेल.

निवृत्त मास्तर, निपाणी
क्लिनिकच नाही तर बोर्ड कसला!

खानापूरचा बाळू
बरं, बी.एड.च बघतो. बी.ए. ला अठ्ठेचाळीस टक्के आहेत, चालतील ना?

टिळकवाडी एक्सप्रेस
पन्नास लागतात. कॅटेगरी कुठली?