मदत हवी आहे : कॉलेज बास्केटबॉलच्या कॉन्फरन्सची फेरमांडणी
अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या कॉन्फरन्स (आपसांत नियमित सामने खेळणाऱ्या संघांचे गट) भूगोल आणि संघांची ताकद या दोन निकषांवर नव्याने मांडण्याचा कागदी खटाटोप मी करीत आहे, कारण 2024 पासून पॅसिफिक किनाऱ्याजवळचे स्टॅनफर्ड ‘अटलांटिक कोस्ट’ कॉन्फरन्समध्ये खेळते आणि लॉस एंजेलिसचे यूसीएलए ‘बिग टेन’ कॉन्फरन्समुळे न्यू जर्सीच्या रटगर्सशी जोडले गेले आहे. (त्या ‘टेन’मध्ये आता 18 संघ आहेत, ही गंमत वेगळीच.) माझे घोडे अडते ते गोंझागापाशी. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेनच्या या संघाने 2017 आणि 2021 मध्ये राष्ट्रीय अंतिम सामना गाठला. परंतु आसपास त्याच्या तोडीचे संघ मोजकेच आहेत. अशा वेळी अंतराला प्राधान्य द्यावे, की एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या ‘नेट’ (संघांची ताकद मोजणाऱ्या) क्रमवारीची काही वर्षांची सरासरी धरून दूरचे प्रतिस्पर्धी जोडावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.