गप्पींना जंत झालेत, औषध कुठलं आणि मिळतं कुठे? (सोसायटीचा ग्रुप)

सुलभा काकू, बी-३०४: ज्यांच्याकडे मासे आहेत त्यांनी जरा सांगा, आमच्या गप्पींच्या मागून लाल दोऱ्यासारखं काहीतरी बाहेर येतंय, आधी वाटलं शी लोंबतेय पण ती गळून पडते, हे तसंच राहतं, मासा एका जागी थांबला की दिसतं आणि जरा हलला की आत जातं. दोन माद्या कोपऱ्यात बसून आहेत, खातपण नाहीत. पोट आत गेलंय त्यांचं.

ओंकार, ए-६०२: काकू राखी बांधली असेल कोणीतरी 😄

सुलभा काकू, बी-३०४: ओंकार तू गप रे

देसाई काका, ए-१०१: मीठ टाका खडं. सगळ्यावर चालतं. आणि हळद पण टाकू शकता चिमूटभर.

मनाली, ए-५०३: काकू चिन्मयच्या शाळेत १० फेब्रुवारीला जंतांची गोळी दिली होती ती एक शिल्लक आहे, तो आजारी होता त्या दिवशी म्हणून घरी दिली, ती चुरून टाकू का पाण्यात? शेवटी जंत ते जंतच ना

निखिल, सी-७०२: नको नको नको, कोणी काही टाकू नका आत्ता. काकू फोटो पाठवा, मासा थांबलेला असताना.

सुलभा काकू, बी-३०४: (फोटो)

निखिल, सी-७०२: हां, हा कॅमॅलानस आहे. गप्पी, मोली अशा माशांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा जंत, गोल कृमी, आतड्याच्या भिंतीला तोंडाने घट्ट चिकटतो आणि रक्त पितो म्हणून लाल. बाहेर दिसतायत त्या जंताच्या माद्या. त्या अंडी नाही घालत, जिवंत अळ्याच सोडतात पाण्यात, आणि त्या अळ्या तळाशी खडीत पडतात, मासे टोचून टोचून खातात की परत पोटात. एका माशात दिसला म्हणजे टँकमधल्या सगळ्यांना आहे असंच धरायचं, बाकीच्यांचा अजून बाहेर आला नाही इतकंच. आणि प्लीज चिमट्याने ओढू नका, आतडं फाटतं.

सुलभा काकू, बी-३०४: अरे देवा मी कालच ओढणार होते, ह्यांनी चिमटा दिला नाही म्हणून राहिलं

देसाई काका, ए-१०१: मीठाने जंत मरतात हे आमच्या आजोबांपासून आहे

निखिल, सी-७०२: काका मीठ बाहेरच्या बुरशीला, पांढऱ्या ठिपक्यांना थोडंफार चालतं. हा जंत माशाच्या पोटात बसलाय, तिथे मीठ पोचत नाही. आणि त्याला त्रास होईल एवढं मीठ टाकलं तर मासा आधी जाईल. हळदीचं तर सोडाच.

मनाली ताई ती शाळेची गोळी अल्बेंडाझोल आहे, पाण्यात विरघळत नाही जवळजवळ, तळाला गाळ होऊन बसते, आणि ४०० मिलिग्रॅमची गोळी माणसाच्या पोराच्या हिशोबाची. चिन्मयची आहे ती शाळेत विचारून चिन्मयलाच द्या 🙂

सुलभा काकू, बी-३०४: मी दुकानातून निळं औषध आणलंय बाटलीत, तो म्हणाला सगळ्या रोगांवर

निखिल, सी-७०२: ते मिथिलीन ब्लू असेल. बुरशीला, अंड्यांना ठीक आहे, जंताला उपयोग शून्य. आणि खडी, सिलिकॉन सगळं निळं होईल. माशांच्या दुकानात बहुतेक निळ्या आणि हिरव्या बाटल्याच मिळतात, क्रॉफर्ड मार्केटला जा नाहीतर कुर्ल्याला जा. जंताचं म्हणून कोणी दिलं तर त्यावर आत काय आहे ते लिहिलेलं बघायचं, नाव नसेल तर घ्यायचंच नाही.

आता औषधं तीन नावांची ऐकाल. प्राझिक्वांटेल हे चपट्या जंतांचं, पट्टकृमी आणि कल्ल्यावरच्या फ्लूकचं. ह्या लाल गोल जंतावर चालत नाही, खूप लोक महागडं आणून ओततात आणि मग औषधच खराब होतं म्हणतात. फेनबेंडाझोल, कुत्र्यांना देतात ते, गोल जंतावर चालतं पण पाण्यात विरघळत नाही म्हणून खाण्यात मिसळून द्यावं लागतं, आणि काकूंच्या माद्या खातच नाहीयेत तर त्यांच्या पोटात जाणार कसं. शिवाय टँकमधल्या काही गोगलगायी मरू शकतात त्याने. तिसरं लेव्हामिसोल, आपल्याला हे हवंय. पाण्यात सहज विरघळतं, माशाने खाल्लं नाही तरी चालतं. त्याने जंत आखडतो, पकड सुटते, मासा त्याला बाहेर टाकतो.

मनाली, ए-५०३: मग कुत्र्याची ती कॉम्बिनेशनची गोळी? आमच्या ब्रूनोची आहे घरात

निखिल, सी-७०२: नको, त्यात तीन तीन औषधं असतात वेगवेगळ्या प्रमाणात, आणि लेव्हामिसोल त्यात नसतंच बहुतेक.

डॉ. रश्मी, डी-४०१: आत्ता बघितला ग्रुप. मी गाई-म्हशींची डॉक्टर, मासे माझा प्रांत नाही, पण लेव्हामिसोल रोजचं आहे आमच्याकडे. कोंबड्यांसाठी पाण्यात विरघळणारी पावडर येते ती घ्या. गुरांना पाजायचं लिक्विड पण येतं पण त्यात रंग, चव, आणखी एखादं औषध मिसळलेलं असू शकतं, ते टाळा. इंजेक्शनचं पण नको. मिळेल ते गुराढोरांच्या औषधांच्या दुकानात, पोल्ट्रीवाले जिथून घेतात तिथे. ठाण्यात स्टेशनजवळच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये विचारत बसू नका, भिवंडी बदलापूर बाजूला सोपं जाईल. चिठ्ठी मागितली तर मी देते. पाकिटावर टक्केवारी बघायची, पूर्ण पाकीट म्हणजे औषध नसतं.

निखिल, सी-७०२: थँक्यू मॅडम, ते टक्केवारीचंच सगळे विसरतात. काकू टँक केवढा आहे तुमचा?

सुलभा काकू, बी-३०४: दोन फूट लांब एक फूट रुंद आणि उंची पंधरा इंच

निखिल, सी-७०२: काठोकाठ भरला तर ७० लिटर होतो. खडी आणि वरची मोकळी जागा सोडून ६० धरू. डोस लिटरला २ मिलिग्रॅम म्हणजे १२० मिलिग्रॅम शुद्ध औषध. समजा पावडर ३० टक्क्यांची मिळाली तर पावडर लागेल ४०० मिलिग्रॅम, अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी. हे चमच्याने मोजायचं नाही!! सोपा मार्ग म्हणजे १ ग्रॅम पावडर १०० मिली पाण्यात विरघळवा, त्यातलं ४० मिली सिरिंजने मोजून टँकमध्ये, उरलेलं फेकून द्या. टक्केवारी वेगळी निघाली तर मला विचारा, हाच आकडा धरून बसू नका.

टाकायच्या आधी तळ सायफनने, म्हणजे नळीने घाण ओढून साफ, थोडं पाणी बदला. फिल्टरमधला कोळसा काढा नाहीतर तो औषध शोषून घेतो. लाईट बंद आणि टँकवर जाड चादर, उजेडात हे औषध टिकत नाही. एअर पंप चालूच ठेवा. २४ तासांनी परत तळाची खडी नीट सायफन करा कारण जंत मेलेले नसतात, नुसते आखडलेले असतात, पडलेत तिथून माशांनी परत खायला नको. मग निम्म्याहून जास्त पाणी बदला, क्लोरिन काढलेलं, आणि कोळसा नवीन लावा. दोन ते तीन आठवड्यांनी हे सगळं परत एकदा. दुसरा डोस चुकवला तर पहिला वाया गेला, कारण मधल्या काळात ज्या अळ्या वाचल्या त्या मोठ्या होतात.

देसाई काका, ए-१०१: एवढ्या वीस रुपयांच्या माशांसाठी? नवीन आणा की

सुलभा काकू, बी-३०४: काका मग तुमचा गुडघा पण नवीनच आणायचा होता 😒

ओंकार, ए-६०२: 🔥🔥🔥

मनाली, ए-५०३: एक मिनिट, आमची पिल्लं काकूंकडूनच आलीत गणपतीच्या आधी. आणि चिन्मयने त्यातली चार गेटजवळच्या कमळाच्या कुंडात सोडली डासांसाठी

सुलभा काकू, बी-३०४: मला कुंडातूनच मिळाली होती पहिली

सेक्रेटरी गोखले: कुंडातले मासे सोसायटीने महापालिकेच्या सांगण्यावरून डासप्रतिबंधक म्हणून सोडलेले आहेत. सोसायटीच्या माशांवर आरोप करू नयेत.

निखिल, सी-७०२: सर आरोप नाहीये, पण कुंडातून घराघरात आणि घरातून कुंडात असं चक्र चाललंय तर एकट्या काकूंनी औषध टाकून काही होणार नाही. ज्यांनी ज्यांनी गप्पी घेतलेत त्यांनी सगळ्यांनी एकाच आठवड्यात करायला हवं. उघड्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे अगदी बारीक किडे असतात, ह्या जंताच्या अळ्या त्यांच्यात राहतात आणि मासे ते खातात. टँकमध्ये सायक्लॉप्सशिवायही हा जंत माशाकडून माशाकडे जातो, पण कुंड म्हणजे त्याला आयतंच घर.

सेक्रेटरी गोखले: मग कुंडात औषध टाकायचे का? तिथे कावळे, मांजर पाणी पितात.

डॉ. रश्मी, डी-४०१: कुंडात अजिबात टाकू नका. उन्हात टिकणार पण नाही आणि गोखले साहेब म्हणतायत ते बरोबर आहे, बाकीचे जीव पितात.

निखिल, सी-७०२: कुंडातले मासे पकडून झाकलेल्या बादलीत एअर स्टोन (एअर पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड) लावून त्याच हिशोबाने, लिटरला २ मिलिग्रॅम, डोस द्यायचा, आणि महिनाभर घरीच वेगळे ठेवायचे म्हणजे दुसरा डोस पण तिथेच होतो. कुंड रिकामं करून घासून कडक उन्हात वाळवायचं, कमळाचा कंद धुऊन दुसऱ्या टबात. त्या टबात मासे नसतील तोपर्यंत दर चार-पाच दिवसांनी पाणी पूर्ण बदला नाहीतर डेंग्यूचे डास आठवड्याभरात तयार होतात.

सेक्रेटरी गोखले: माळीदादांना सांगतो. पण पाण्याचा वापर जास्त होणार, टँकरचे दिवस आहेत.

मनाली, ए-५०३: आणि हे आम्हाला होतं का? चिन्मय हात घालतो सारखा टँकमध्ये

डॉ. रश्मी, डी-४०१: हा जंत माणसाला होत नाही, ब्रूनोला पण नाही. तरी टँकमध्ये हात घातल्यावर साबणाने धुवायचे, आणि हाताला जखम असेल तर घालायचाच नाही, माशांच्या पाण्यातले काही जंतू कातडीला त्रास देतात. पावडर मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नका, हातमोजे घालून मोजा.

सुलभा काकू, बी-३०४: मी टँकचं पाणी तुळशीला आणि खालच्या कढीपत्त्याला घालते नेहमी, ते चालेल ना

निखिल, सी-७०२: औषधाचं पाणी नाही काकू. कढीपत्ता सगळी बिल्डिंग तोडते 😅 ते सरळ कमोडमध्ये. पावसाच्या गटारात पण नाही, ती पुढे नाल्याला जाते. साधं पाणी बदलाल ते घाला खुशाल, झाडांना चांगलं असतं.

आणि पुढच्या वेळी नवीन मासा आणला की चार आठवडे वेगळ्या भांड्यात, मगच टँकमध्ये. जिवंत ट्युबिफेक्स, माशांना खायला देतात ते लाल किडे, पण आणू नका, गटाराच्या पाण्यात वाढतात ते.

सुलभा काकू, बी-३०४: दोन्ही माद्या जगतील का रे?

निखिल, सी-७०२: ज्या खात नाहीत त्यांचं अवघड आहे काकू, आतडं बरंच खराब झालेलं असतं तोवर. बाकीचे वाचतील.

मनाली, ए-५०३: रविवारी आमच्या घरून करूया, काकू तुम्ही पण या. दशांश ग्रॅमचा वजनकाटा कोणाकडे आहे का?

देसाई काका, ए-१०१: माझ्याकडे आहे. सोनं तोलायचा, शंभराव्या भागापर्यंत दाखवतो. परत द्या पण धुऊन.