फो-ती पावडरने केस काळे होतात का? लिव्हरला त्रास होतो म्हणे

रानजाई:
माझ्या बहिणीचे केस तिशीतच पांढरे व्हायला लागलेत, तिने ऑनलाइन फो-ती म्हणजे ती चिनी औषधी मुळी हे-शोउ-वू, तिची पावडर मागवलीये, पाकिटावर शंभर टक्के नॅचरल वगैरे लिहिलंय. पण लिव्हर खराब होतं असं ऐकलं आणि मला टेन्शन आलंय. कुणाला नीट माहिती आहे का?

दूर्वा:
रानजाई, केसांबद्दल जे प्रयोग झालेत ते बहुतेक उंदरांवर नाहीतर लॅबमधे पेशींवर, माणसांचे पांढरे केस काळे झाल्याचा ठोस पुरावा नाही. लिव्हरचं मात्र खरंय. ब्रिटनच्या औषध नियामकाने 2006 मधेच कावीळ आणि हिपॅटायटिसच्या केसेस बघून इशारा दिला होता. आणि चीनमधेसुद्धा 2014 मधे हेल्थ फूडसाठी रोजची मर्यादा घातली, कच्चं मूळ 1.5 ग्रॅम आणि प्रक्रिया केलेलं 3 ग्रॅम. पावडर चमच्याने घेतली की 3 ग्रॅम कधीच होऊन जातात हो.

खलबत्ता:
पण ते मूळ काळ्या सोयाबीनच्या रसात वाफवतात ना, शुद्ध करूनच देतात, मग भीती कसली? शेकडो वर्षं लोक घेतायत.

दूर्वा:
वाफवल्याने धोका कमी होतो, जात नाही. प्रक्रिया केलेलं घेऊनही लिव्हर सुजल्याच्या केसेस आहेत. शिवाय हे सगळ्यांना होत नाही, एचएलए-बी 35:01 हा जीनचा प्रकार ज्यांच्यात असतो त्यांना जास्त धोका असतो, त्यामुळे दहा जणांना काही झालं नाही म्हणून अकराव्याला होणार नाही असं अजिबात नाही. आणि कितीतरी पाकिटांवर कच्चं की वाफवलेलं हेसुद्धा लिहिलेलं नसतं!

सांजवात:
रानजाई, बहिणीने सुरू केलं असेल तर आधी बंद करायला सांग. भूक मेली, मळमळ, खूप थकवा, लघवी गडद, डोळे पिवळे, यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरकडे जाऊन एलएफटी म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी करा आणि पावडर घेत होती हे सांगा, लोक नेमकं तेच सांगत नाहीत. बहुतेकांचं बंद केल्यावर बरं होतं पण काहींचं लिव्हर फेलही झालंय. बरं वाटलं म्हणून परत सुरू करू नका, दुसऱ्यांदा तोच त्रास उलटतो. केसांसाठी बी 12 आणि थायरॉइड तपासलंय का तिचं?

रानजाई:
नाही तपासलं. पाकीट अजून फोडलेलं नाही, आजच बोलते तिच्याशी.