खानदेशचा काळा दगड: आणखी थोडी भर
एकांनी लिहिलंय की खानदेशात सगळा एकच काळा दगड, त्यात बघण्यासारखं काय? बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, आहे हे खरं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. पण सगळा दगड एकसारखाच, हे म्हणणं पटत नाही.

धुळे-साक्री-नंदुरबारकडे माळावर मैलोन्‌मैल सरळ गेलेल्या दगडी भिंती दिसतात. त्या डाइक. जमिनीतल्या भेगांत शिलारस (वितळलेला खडक) शिरून तिथेच थिजला. कडेला पटकन निवल्यामुळे स्फटिक बारीक, मध्ये सावकाश निवल्यामुळे जाड. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला नि भिंत उरली. बहुतेक भिंती साधारण पूर्व-पश्चिम, तापीच्याच दिशेने धावतात, कारण भेगाच तशा पडल्या होत्या. विहीर खोदणाऱ्यांनी याकडे लक्ष द्यावं. अखंड डाइक भूजल अडवते, त्यामुळे एका अंगाला पाणी नि दुसऱ्या अंगाला कोरडं असंही होतं.

दोन लाव्हाथरांमध्ये कधी तांबडा पट्टा दिसतो. मधल्या काळात झिजून तयार झालेली ती माती, वरून आलेल्या लाव्ह्याने भाजलेली. जळगावकडच्या खाणींत दगडातल्या वायूच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाच्या खनिजाचे पांढरे स्फटिक सापडतात (सावद्याचे तर संग्राहकांत प्रसिद्ध), तेही लाव्हा थिजल्यानंतर झिरपलेल्या पाण्याची करामत.

आणि रावेर-यावलची केळी? ती तापीच्या गाळावर. तो गाळही बराचसा याच बेसाल्टचा भुगा. शेकडो फूट खोलवर साचलाय, पण अजून खडक झालेला नाही.